तिसरी हाक

"शांतीशेट... शांतीशेट... शांतीशेट!"

सभापती आप्पा माझ्या दुकानात यायचे ते असे. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. अरुंद, पण समोरून सगळं उघडं. मी आत बसलेला रस्त्यावरूनही दिसतो. आप्पांच्या पहिल्या हाकेलाच मी "या आप्पा" म्हणून स्टूल पुढे सरकवायचो. तरी ते पायरीखाली उभेच. उरलेल्या दोन हाका पुऱ्या करायचे, क्षणभर थांबायचे आणि मग वर यायचे. त्यांना कमी ऐकू येतं, असं माझ्या बायकोचं ठाम मत होतं. मोबाईल आले तेव्हा तर कहरच झाला. मी "बोला आप्पा" म्हटल्यावरही पलीकडून माझ्या नावाच्या तीन हाका यायच्या, मग काम. त्यांच्या आंबेगाव तालुक्यात लोक त्यांना पाठीमागे 'तीनहाके' म्हणत. आप्पांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या राव," ते म्हणायचे, "नावं ठेवायला लोकान्ला कायतरी पायजेच."

ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या गावावर धरणाचं पाणी येऊन दोनेक वर्षं झाली होती. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, बाहेर जीप. मागितलं काय, तर गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधून सोडतो तो पितळी ओळंबा, आणि शंभर फूट नायलॉनची दोरी.

"तुमच्या घोडेगावात मिळाला नाही का?" मी विचारलं.

"मिळतोय की. पण तिथं मी सुतळीचा तोडा घेतला तरी सांजच्याला सगळा तालुका इचारतो, आप्पा काय बांधत्यात?"

"मग काय बांधताय?"

"बांधत न्हाई. मासं धरायचा छंद हाय मला."

आम्ही जैन. आजोबा राजस्थानातून आले, त्याला तीन पिढ्या झाल्या, आम्ही पार जुन्नरकर झालो. तरी मासे धरणारा माणूस शेजारी बसला की माझा चहा घशात अडकतो. मी ओळंबा कागदात गुंडाळून दिला. ओळंब्यानं मासा कसा धरतात, एवढं मात्र काही केल्या डोक्यात शिरेना.

पुढे एका साप्ताहिकानं पुढाऱ्यांच्या छंदांवर पान काढलं. कुणाला शर्यतीच्या बैलांचा नाद, कुणाला भजनाचा, एक तर म्हणे क्रिकेट खेळायचे. आप्पांचा फोटो होता होडीतला. पाठ ताठ, हातात दोरी, खाली छापलेलं 'मासेमारी'. फोटोत मासा मात्र नव्हता. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मी त्यांना त्यावरून चिडवलं. ते हसले नाहीत.

"माज्या दोरीला काटाच न्हाई, शेट. तुमी या एकदा. तुमच्या धर्माला बट्टा लागायचा न्हाई."

कुतूहल वाईट. एका शनिवारी मी त्यांच्या जीपमध्ये बसलो. वाटभर लोक हात करत होते, अर्ज देत होते, आणि आप्पा प्रत्येकाची चौकशी करत होते. वाटेतलं शिनोली गाव मागे पडलं तसे ते बोलायचे थांबले. पाण्यावर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. होडी त्यांची स्वतःची. वल्हीही त्यांनीच धरली.

पाणी अगदी स्वस्थ होतं. थोडं आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की होडी सरळ जात नाही. मोकळ्या पाण्यात आप्पा मध्येच काटकोनात उजवीकडे वळायचे, चार वल्ही मारून डावीकडे. "ही वरची आळी," ते म्हणाले. "हितनं मारुतीच्या पाराकडं." एका ठिकाणी त्यांनी मान खाली घातली.

"काय झालं?"

"वडाची फांदी आडवी व्हती हितं."

वड चाळीस फूट खाली असणार, तोही तोडून नेलेला. पण खरं सांगतो, माझीही मान खाली गेली होती.

मग त्यांनी होडी थांबवली आणि ओळंबा सोडला. दोरी माझ्या बोटांत दिली. बराच वेळ ती खाली जात राहिली, आणि मग बोटाला बारीक 'टक' असं लागलं.

"कौलं," आप्पा म्हणाले. "जाताना सगळ्यांनी कौलं, वासं काढून न्हेलं. गावात ह्या एकाच घराला छप्पर हाय."

ते उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन पाण्याकडे बघत त्यांनी हाक मारली, "ठकूकाकी!" थांबले. पुन्हा, "ठकूकाकी!"

मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. दुकानात, फोनवर, सभेत, जिथे तिथे तीन हाका मारणारा हा माणूस. तिसरी आली नाही. त्यांनी दोरी गुंडाळली आणि आलो त्याच आळ्यांतून होडी काठाला आणली.

काठावर बायकोनं दिलेला डबा उघडला, तेव्हा ते बोलले.

"आमच्याकडं एका हाकंला ओ देत न्हाईत, शेट. पयली हाक वाऱ्याची, दुसरी चकव्याची, तिसरी माणसाची. काकी तर लई कडक. माजी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, पण तिसऱ्या हाकंबिगर मलाबी कवा ओ दिली न्हाई."

गाव उठवायला लोकांना राजी केलं होतं ते आप्पांनीच. शेवटचा ट्रक निघाला तेव्हा पाऊस कोसळत होता. काकीच्या दाराशी ते उभे राहिले. दार लोटलेलं.

"दोन हाका मारल्या. मागं सायबांच्या जीपचा हारन वाजाय लागला. मला वाटलं, गेली आसंल शिनोलीला लेकीकडं. लेकीला वाटलं, आई नव्या वसाहतीत हाय. आठ दिसांनी आमची गाठ पडली, तवर पाणी छपरावर गेलं व्हतं."

काहीच सापडलं नाही. कुणी म्हणालं, म्हातारी भीमाशंकरला दिसली, गर्दीत. लोकांनी ते मानलं, कारण मानायला सोपं होतं. पुढच्या निवडणुकीत आप्पा सभापती झाले.

"कुनी शिव्या तरी द्यायच्या व्हत्या," ते म्हणाले. "हार घातलं, शेट, हार."

"मग तिसरी हाक का नाही मारत?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मारली आन् ओ आली तर?"

हातातला घास मी तसाच डब्यात ठेवला.

मला पुन्हा जायचं नव्हतं, पण गेलो. दहा-बारा वर्षं, वर्षातून चार-पाच वेळा. बायको म्हणायची, मेलेल्यांच्या गावाला जाऊन काय मिळतं तुम्हाला? मला काही मिळत नव्हतं. पण त्या माणसाला एकट्याला तिथे सोडवत नव्हतं, इतकंच. दोरी दोनदा बदलून दिली, ओळंबा तोच. पुढे आप्पा निवडणूक हरले, जीप गेली, ते एसटीनं येऊ लागले. पायरीखालून तीन हाका आणि पाण्यावर दोन, यात मात्र खंड पडला नाही.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. सुरुवातीला आम्ही त्यांची थट्टा केली, म्हटलं भाषणं कमी करा. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ऑपरेशन होणार होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ते पायरीखाली उभे राहिले. घोगऱ्या, फाटक्या आवाजात तिन्ही हाका पुऱ्या केल्या.

"उद्या येता? आता न्हाई मारली तर ऱ्हातीच."

दुसऱ्या दिवशी वल्ही मी मारली. कुठे वळायचं ते मला सांगावं लागलं नाही. ओळंबा कौलांवर टेकला. आप्पांनी दोरी माझ्या हातात दिली. आधार धरून ते उभे राहिले.

"ठकूकाकी!"

आवाज जेमतेम होडीपुरता.

"ठकूकाकी!"

मग ते इतका वेळ थांबले, की मला वाटलं, आजही नाहीच. मला त्यांचा फार कळवळा आला. म्हणावंसं वाटलं, राहू द्या आप्पा, चला घरी.

"ठकूकाकी!"

मला काही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. दोरी हातात किंचित ओढल्यासारखी झाली. होडी हलली असेल. खात्री नसलेला माल मी विकत नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण आप्पांनी मान कलती केली, आणि जेवायला बोलावलेल्या पोरासारखं हळूच म्हणाले, "आलो, काकी."

मग मला म्हणाले, "दोरी सोडा, शेट."

मी सोडली. ती सरसर खाली गेली. परतताना मी सवयीनं आळीत वळायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि समोर बोट दाखवलं. त्या दिवशी आम्ही सगळ्या भिंतींवरून सरळ काठाला आलो.

ऑपरेशननंतर ते एकदाच आले. पायरीखाली उभं राहून त्यांनी काठीनं फरशीवर तीनदा टकटक केलं. मी पायरी उतरून त्यांना हात धरून वर आणलं. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

यंदाच्या चैत्रात, दुपारी, बाजार सुना होता. मी खिळे निवडत बसलो होतो. बाहेरून हाक आली, "शांतीशेट..." आवाज आजारपणाच्या आधीचा, खणखणीत. थोड्या वेळानं पुन्हा, "शांतीशेट..."

तिसरीला थांबायचं असतं, हे मला आता कुणी शिकवायला नको. पण कुणी दाराशी उभं आहे आणि आपण आत हाका मोजत बसलो आहोत, हे माझ्याच्यानं होईना.

"ओ," मी म्हणालो. "या आप्पा."

रस्त्यावर कुणी नव्हतं. मी स्टूल पुढे सरकवलं.