काकूंचा डबा आणि माझा अर्ज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर चहा नाकातून येईल. मी जो घोळ घालून बसलोय ना, तो बघायला रेवदंड्याचा अर्धा कोळीवाडा हातातली कामं टाकून समुद्राच्या पुळणीवर उभा होता!

आणि हे सगळं कोणामुळे? मृण्मयीमुळे!

मृण्मयी म्हणजे शेजारच्या राऊतकाकूंची मुलगी. चौलात आमची सुपारीची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये फक्त मेंदीचं कुंपण. आम्ही दोघं एकाच वयाचे, एकाच शाळेतले. पण ती भरतनाट्यम शिकली, पेटी शिकली, कथाकथनात ढीगभर बक्षिसं आणली, कुठले कुठले गड चढून आली. नाव तरी बघा, मृण्मयी! प्रमाणपत्रावर छापायलाच ठेवलेलं. आणि मी ओंकार. आमच्या वर्गातच चार ओंकार होते, त्यातला मी तिसरा.

हेवा वाटायचा का? अहो, वाटायचा म्हणजे काय! जळायचो मी. तिला बक्षीस मिळालं की त्या दिवशी मला आमटी आंबट लागायची. त्यात आमची आई! "बघ ती मृण्मयी" हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या वाडीतल्या माडांनाही पाठ झालं असेल.

तर बारावी झाली आणि पुण्याच्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. मला तिथे अर्थशास्त्र शिकायचं होतं, खरंच शिकायचं होतं. सुपारीचा भाव नेमका कोण ठरवतं, हे कळत नाही म्हणून बाबा वर्षानुवर्षं चिडचिड करतात. मला वाटायचं, आपण शिकून यावं आणि त्यांना नीट समजावून सांगावं. मार्कही बरे होते माझे.

पण अर्जात शेवटी एक चौकोन. 'स्वतःविषयी पाचशे शब्द लिहा. अभ्यासाव्यतिरिक्त आपण कोणते उपक्रम करता? सोबत एक छायाचित्र जोडावे.'

अभ्यासाव्यतिरिक्त? जेवतो! झोपतो! आणखी काय करणार माणूस?

आई म्हणाली, "लिही की, वाडी शिंपतो म्हणून. सुपारी सोलतो म्हणून."

"आई, ती घरची कामं झाली गं. त्यांना उपक्रम लागतो, उपक्रम!"

"मग सकाळी उठून वाडीत पाण्याचा पाट फिरवतोस तेव्हा काय झोपेत असतोस?"

आता हिला काय समजावणार? सुपारी सोलणाऱ्या पोराला पुण्यात कोण विचारतंय! मी चार दिवस त्या चौकोनाकडे बघत बसलो. एक ओळ सुचेल तर शपथ.

आणि मग एका संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक आली.

"ओंक्या, तूही तिथेच अर्ज करतोयस ना? अरे, मला पाचशे शब्दांत बसवताच येत नाहीये. तू काय काय गाळलंस?"

काय काय गाळलंस! मी काय गाळणार? घाम! असा काही भडका उडाला माझ्या पोटात, की त्याच क्षणी ठरवलं, हिला प्रवेश मिळाला आणि मला नाही मिळाला तर मी या गावात राहणार नाही. आता गाव सोडायलाच तर अर्ज करत होतो, पण हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मृण्मयीचा सगळ्यात गाजलेला उपक्रम म्हणजे रेवदंड्याची पुळण साफ करणं. दर रविवारी आठ वाजता ती आणि तिची टोळी हजर. हातात निळे हातमोजे, खांद्याला गोणी, की काढला फोटो. म्हटलं, केर उचलायला काय अक्कल लागते? हे तर आपणही करू शकतो! एकदा करायचं, फोटो काढायचा आणि खुशाल लिहायचं की मी किनारा स्वच्छ करतो. अर्जाची मुदत रविवारी रात्री संपत होती. मी शनिवारी संध्याकाळीच गोणी घेऊन स्कूटरवरून रेवदंड्याला गेलो.

आणि पुळणीवर काय असावं? काही नाही! अहो, साधा बिस्किटाचा कागद सापडेना! इकडून तिकडे दोनदा चाललो, हाती लागली एक काडेपेटी, तीही भरलेली, कोणाची तरी पडली होती. या बाईने माझ्यासाठी कचरासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता!

आता शहाणा माणूस घरी गेला असता. मीही गेलो. पण कचरा आणायला गेलो.

हसू नका, पुढे ऐका. आमच्या वाडीच्या मागे वर्षानुवर्षांचा ढीग आहे. रविवारी पहाटे त्यातून दोन गोण्या भरल्या. सुपारीची सालं, करवंट्या, फुटके पाइप, पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या, एक चप्पल, एक गंजका स्टीलचा डबा. पुळणीवर नेऊन सगळं छान पसरलं. अगदी जीव लावून! चप्पल थोडी तिरकी, बाटल्या जरा पुढे. लक्ष्मीपूजनाची मांडणी करताना आई करते ना, तसं.

फोन करवंट्यांना टेकवून उभा केला आणि लक्षात आलं, हातमोजे! मृण्मयीच्या प्रत्येक फोटोत हातमोजे. तिच्याकडे आहेत आणि आपल्याकडे नाहीत? हे मला चालणार होतं का? फोन खिशात घातला आणि स्कूटर परत चौलला.

घरी शिरतो तोच आई म्हणाली, "आलास? आधी पाट फिरव, मग कुठे जायचं तिकडे जा." पाट फिरवला. मग भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे शोधले. परत पुळणीवर येईपर्यंत चांगलाच उशीर झाला.

आणि बघतो तर समुद्र पुढे आलेला! माझी मांडणी पार होड्या लागतात तिथपर्यंत वाहत गेलेली! तुम्ही म्हणाल, काय रे, समुद्राकाठचा पोरगा आणि भरती कळत नाही? नाही कळत! आम्ही वाडीवाले समुद्राकडे पाठ करून राहणारी माणसं. आमची एकादशी उपासाची, कोळ्यांची एकादशी भरतीची वेळ मोजायची. एवढा फरक आहे.

पुळणीवर ही गर्दी! मृण्मयीची टोळी निळे हातमोजे घालून थिजलेली, आणि हिराबाई कोळीण कमरेवर हात ठेवून बोंबलतेय.

"कोन मेला टाकून गेला रं ह्यो उकिरडा? काल सांजच्याला पुळन कशी आरशावानी होती!"

मी पिवळे हातमोजे चढवले आणि पुढे झालो. "अरे बापरे! कोणी केलं हे?"

मृण्मयीने वळून बघितलं. "ओंक्या, तू? तू मदतीला आलास?" तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं हो!

"म्हटलं, आपलाही थोडा हातभार."

"थांब, तसाच थांब. तुझा फोटो काढते."

आणि काढला तिने! बाटली उचलताना, मागे समुद्र, तोंडावर सकाळचं ऊन. काय सांगू, मलाच माझा अभिमान वाटला. मी मनातल्या मनात अर्ज भरून पाठवूनही टाकला.

तेवढ्यात हिराबाईने वाळूतून तो डबा उपटला. "ह्याच्यावर नाव हाय. वाच गं पोरी, कोन हाय ता बघ."

मृण्मयीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "सौ. शुभदा विनायक राऊत यांजकडून सप्रेम भेट."

तिची टोळीसुद्धा तिच्याकडे बघायला लागली.

"ही तुझी आय ना गं?" हिराबाई म्हणाली. "म्हंजे आठवडाभर कचरा करायचा, नि रविवारी फोटो काढून उचलायचा व्हय?"

"हिराबाई, नाही हो! आमचा नाही हा डबा…" मृण्मयी रडकुंडीला आली.

आता खरं तर मी बोलायला हवं होतं. हो ना? पण खरं सांगू, माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मृण्मयी खाली आणि मी वर! आणि मी नालायक नुसता गप्प बसलो नाही. मी हिराबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे हिराबाई. माणसाकडून होते चूक."

मृण्मयीने आईला फोन लावला. काकू कणकेच्या हातानेच स्कूटरवर बसून आल्या. डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हा? हा तर मी ओंकारच्या बारशाला दिलेला."

माझ्या पिवळ्या हातमोज्यांत घाम सुटला. "काकू, डबे काय, सगळे सारखेच दिसतात…"

"सारखे? ही रेघ बघ. नाव घालताना त्या माणसाच्या हातून यंत्र घसरलं होतं. तो दुसरा देत होता. मी म्हटलं, असू दे, आपल्या ओंकारचंच बारसं आहे."

संपलं! अहो, आपल्याकडची बाई नवऱ्याचा वाढदिवस विसरेल, पण कुठल्या बारशाला कोणाला कुठलं भांडं दिलं हे विसरायची नाही. आणि मी, तिच्या नावाचा डबा घेऊन तिच्याच मुलीवर कुरघोडी करायला निघालो होतो!

सगळी पुळण माझ्याकडे वळली. मग मी सगळं ओकलो. अर्ज, फोटो, घरून आणलेला कचरा, अगदी हेवासुद्धा. हिराबाई पदराने डोळे पुसत होती, हसून हसून. "मानसाकडून होते चूक, व्हय ना रं?" असं म्हणायची आणि परत हसायची.

काकू मात्र हसल्या नाहीत. "माझा डबा पुळणीवर टाकलास होय रे?" एवढंच म्हणाल्या. त्या दोन थोबाडीत मारत्या तर बरं झालं असतं.

मृण्मयीने माझा फोटो माझ्यासमोर पुसून टाकला. आमच्या आईने तो डबा माझ्याकडून चिंच लावून घासून घेतला आणि स्वयंपाकघरात सगळ्यांत पुढे मांडला. वर शिक्षा, दर रविवारी पुळणीवर जायचं. फोटो नाही, काही नाही, नुसता केर उचलायचा.

त्या रात्री अर्ज पाठवला, फोटोविनाच. लिहिलं काय? 'मी मेहनती आणि वाचनाची आवड असलेला विद्यार्थी आहे.' 'प्रामाणिक' पण लिहिलं होतं. ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी कुंपणाशी आली. "ओंक्या, मी काल रात्री माझा निबंध सगळा बदलला. त्यात तुझ्यावर लिहिलंय. नाव नाही घातलं हं, घाबरू नकोस."

घ्या! फजिती माझी, आणि तीही हिच्याच अर्जात जमा! आठवडाभर मी तिच्याशी धड बोललो नाही.

पुढे मुलाखत आली, ऑनलाइन. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीपाशी, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून विहिरीच्या कठड्यावर बसलो. समोर एक मॅडम, चष्मा, हसरा चेहरा. दोन-चार प्रश्न झाले आणि त्यांनी विचारलं, "चौलचे का तुम्ही? तिथल्याच एका मुलीचा निबंध आलाय आमच्याकडे. तिने एका मुलाबद्दल लिहिलंय. रोज वाडी शिंपतो, सुपारी सोलतो, आणि त्याला वाटतं आपण काहीच करत नाही! म्हणून तो घरचा कचरा पुळणीवर नेऊन टाकतो. पकडल्यावर सगळ्यांसमोर सगळं कबूल करतो, आणि आता म्हणे दर रविवारी साफ करायला येणार आहे. तुम्ही ओळखता का त्याला?"

माझे कान तापले. सांगितलं तर गेलाच प्रवेश! मी मान ताठ केली.

"नाही मॅडम. आमच्यात असली मुलं नसतात."

"अरेरे!" मॅडम खरंच हळहळल्या. "त्याने अर्ज केला असता तर आम्ही त्याला डोळे मिटून घेतलं असतं."

मृण्मयी पुण्याला गेली, मी रोज अलिबागच्या कॉलेजात जातो. पण मृण्मयीचा हेवा मला आता अजिबात वाटत नाही, देवाशपथ. वाटतो तो त्या निबंधातल्या पोराचा. मेला अर्ज न करताच निवडला गेला!