झोपण्याआधीची सुकट

आईचा पाय मोडला तो शेताच्या बांधावरून घसरून. गुडघ्याच्या खालचं हाड. प्लास्टर निघालं तेव्हा त्या पायाची मांडी माझ्या दंडाएवढी उरली होती. मोखाड्याजवळच्या पाड्यावर ती एकटीच राहते, म्हणून तिला जव्हारला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. मी मोखाड्याला कारकून आहे, रोज एसटीने किंवा जीपने जातो-येतो. बायको मुलीच्या कॉलेजसाठी नाशिकला असते. त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी अट सांगून टाकली. खाली जमिनीवर बसायचं आणि कशालाही हात न लावता उठायचं, तेही सलग दहा वेळा. ते जमलं की घरी जायला मोकळ्या. आईने मुदतही ठरवली. राब भाजायच्या आत, म्हणजे रोपांसाठी जागा पालापाचोळा घालून भाजतात त्याच्या आत, ती पाड्यावर असणार होती. तिचा राब शेजाऱ्याने भाजला तर तिला ते वर्षभर खुपलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "नुसत्या व्यायामाने मांडी भरणार नाही. झोपण्याआधी प्रोटीन द्या. कपभर दूध, दोन अंडी. रात्री झोपेतच स्नायू बांधला जातो."

"म्हंजे झोपेत पण राबायचा?" आई म्हणाली.

दूध पहिल्याच दिवशी बाद झालं. आमच्या पाड्यावर जुनी माणसं गाय पाळतात पण तिचं दूध काढत नाहीत. पिशवीतलं दूध कुठल्या गाईचं ते कुणालाच माहीत नसतं, हा माझा युक्तिवाद होता. ती म्हणाली, "वासरू तं असलंच ना कुठं तरी." मी कार्यालयात इतके अर्ज निकाली काढतो, पण घरात माझं कुणी ऐकेल तर शपथ.

मग अंडी आणली. तिने एक उचलून उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. "याला कोंबडा लागला नाय. यातून पिलू निघायचा नाय. मंग ताकद कुठली येल?" मी चिडून ती सगळी अंडी स्वतःच खाल्ली. आठवडाभर माझाच व्यायाम चालू आहे असं वाटत होतं.

खरी अडचण वेगळीच होती. तिला झोपण्याआधी खाणंच पटत नव्हतं. पाड्यावर दिवेलागणीला जेवतात, त्यानंतर काही खात नाहीत. खाणं असतं ते केलेल्या कामाचं. काम न करता खाऊन अंथरुणावर पडणं तिच्या लेखी चोरी होती. तोड तिनेच काढली. व्यायाम आधी दुपारी व्हायचा, तो तिने रात्री साडेआठला नेला. भिंतीला पाठ लावून खाली सरकणं, पुन्हा वर येणं. दम लागेपर्यंत तेच. घाम आला की म्हणायची, "हां, आता खायाचा झाला."

आणि खायला काय, तर सुकट. दुसऱ्या कशाचं तिने नाव काढलं नाही. वाळवलेला बारीक झिंगा, तव्यावर भाजून, कांदा-मिरची घालून, नागलीच्या भाकरीबरोबर. मॅडमना विचारलं तर त्या खूष. "भरपूर प्रोटीन आहे, फक्त दोनदा धुऊन खारटपणा काढा." शेजारच्या गुरुजींनी मात्र त्या दिवसापासून आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. जिन्यात भेटले की ते नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करत. मीही इतकी वर्षं या घरात सुकट भाजली नव्हती. का, ते सांगायला नको.

मोखाड्याच्या आठवड्याच्या बाजारातून सुकट आणणं माझं काम. आईने एक दोरा घेतला, धडधाकट मांडीला गुंडाळून गाठ मारली. दर बाजाराच्या दिवशी तोच दोरा दुसऱ्या मांडीला लावून बघायची. दोरा आणि मांडीच्या मधे आधी चार बोटं जात, मग तीन, मग दोन. दोन बोटांवर आली त्या संध्याकाळी तिने तीनदा हात न टेकता उठून दाखवलं, चौथ्यांदा भिंत धरली. मी "वा" म्हणालो. मनातून मात्र मी हिशोब करत होतो की आता तीन आठवड्यांत ती जाणार.

एक गोष्ट सांगायलाच हवी. बायको आणि मुलगी नाशिकला गेल्यापासून मी संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरत असे. आई आल्यावर कडी वाजवायची सोय झाली. आतून "आले, आले" असा आवाज यायचा आणि मग ती पाय ओढत दाराशी यायची. मला ते फार आवडायला लागलं होतं.

पुढच्या बाजारी मी सुकट आणायला विसरलो. खरोखर विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच्या पुढच्या बाजारी मीटिंग होती. त्याच्या पुढच्या बाजारी सुकटवाली बाई माझ्या समोर बसलेली होती, टोपलीत माल होता, आणि मी तिच्यासमोरून भाजी घेऊन आलो. आईला म्हणालो, "माल आलाच नाही."

आईने साडेआठला व्यायाम केला, कोरडी भाकरी खाल्ली आणि झोपली. दोरा पुन्हा तीन बोटांवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी जेवत असताना ती समोर येऊन बसली. "तुला मी इथंच राहावा वाटतंय?"

मी ताटात आणखी भाजी वाढून घेतली.

"मंग तसा सांगायचा. पायाला कशाला उपाशी ठेवतो?"

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. शेवटी म्हणालो, "आये, राहा ना. तिथं तरी कोण आहे?"

"इचारला असता तं राहिले असते," ती म्हणाली. "आता नाय. लंगडी हाय म्हणून मी कुणाकडं राहायची नाय. माझा पाय धड कर, माला घरा सोड. मंग बोलव. माझ्या पायांनी येईन."

पुढच्या बाजाराची वाट न बघता मी त्याच दिवशी जव्हारमध्येच दोन दुकानं पालथी घालून सुकट आणली. त्यानंतर एकही खाडा झाला नाही. रोज ती घाम येईपर्यंत उठबस करायची, मी भाजायचो, ती खायची. राब भाजायला चार दिवस असताना ती जमिनीवरून दहा वेळा हात न लावता उठली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी तिला जीपने पाड्यावर पोचवलं.

याला आता बरेच महिने झाले. मी महिन्यातून एकदा जाऊन येतो. ती उंबऱ्यात बसलेली असते आणि मला बघून सरळ उभी राहते. पाय ठणठणीत आहे. "ये" म्हणायला मात्र मला अजून धीर झालेला नाही. ती नाही म्हणाली, तर आता पायाचं कारण सांगता येणार नाही.