तळहातावरची एक जागा

सगळे तिला डावरी म्हणत. बाटल्यांच्या कारखान्यात झाकणं तपासायचं तिचं काम, आणि कारखान्याच्या बायकांच्या बेसबॉल संघात ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. तिचा डावा हात असा काही सुटायचा की समोर बॅट घेऊन उभी असलेली बाई आधी डोळेच मिटायची. पण नेमाच्या नावाने बोंब. एक चेंडू डोक्यावरून, तर पुढचा पायात. संघाला शिकवणाऱ्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "जोर तुला जन्मापासून मिळालाय. नेम मात्र घाम गाळूनच मिळेल. घरी रोज कुणीतरी चेंडू झेलायला समोर बसायला हवं."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरी बाबांशिवाय होतं कोण? त्यांचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं, आणि मागे एक अरुंद बोळ.

"मी बसतो," बाबा म्हणाले. "दिवसभर लोकांची डोकी धरतो, एक चेंडू धरता येणार नाही होय?"

कुठूनसा एक जुना, आतला कापूस दबून गेलेला हातमोजा त्यांनी मिळवला आणि डाव्या हातात चढवला. दुकान उघडायच्या आधी रोज साठ चेंडू. पहिलं वर्ष बाबांची नुसती पळापळ झाली. चेंडू कधी भिंतीवर, कधी शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर. "तू मला बारीक करूनच सोडणार," असं म्हणत ते धापा टाकत परत येत. पण नजर कारागिराची होती. केसाएवढा फरक त्यांना लांबून दिसे.

"तुझा पुढचा पाय रोज वेगळ्या जागी पडतो," ते म्हणाले आणि जमिनीवर खडूने रेघ मारून मोकळे झाले. "आणि खांदा आधी वळतो, हात मागून फरफटत येतो. दोन्ही एकदम आण."

ती दुकानातल्या आरशासमोर उभी राहून, हातात चेंडू न घेता, तेवढंच शंभर शंभर वेळा करत राही. दुसऱ्या वर्षी कधीतरी ते अंगात उतरलं. बाबा छातीसमोर मोजा धरून बसत आणि चेंडू थेट त्यात येऊन आदळे. फट्ट असा एकच आवाज. बाबांना हात हलवावाच लागत नसे. त्या वर्षी संघाने ओळीने सात सामने जिंकले.

दुकानातली गिऱ्हाइकं मात्र रोडावत चालली होती. "कोपऱ्यावर नवं दुकान निघालंय ना, काचेचं," बाबा सांगत. तिने ते खरं मानलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिला रस्त्यात म्हातारे मास्तर भेटले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. कानाला पट्टी चिकटवलेली.

"काय झालं, मास्तर?"

मास्तर गडबडले. "काही नाही गं, मीच हललो असेन." दोन पावलं पुढे गेले आणि परत फिरले. "खरं सांगू? कंगवा त्याच्या हातातून निसटतो. कात्री कानाला लागली. तीस वर्षांची ओळख, म्हणून मी जातो. बाकीचे कशाला जातील?"

ती तडक दुकानात गेली. बाबा एकटेच बसले होते. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. दोन बोटं पांढुरकी, गार पडलेली. तर्जनीचं टोक काळवंडलेलं. तिने चिमटा काढला, तर त्यांना कळलंही नाही.

"कधीपासून?"

बाबांनी हात सोडवून घेतला. "तुझा नेम बसला तेव्हापासून," ते म्हणाले. "आधी चेंडू कुठेही लागायचा. दुखायचं, थांबायचं. नंतर रोजचे साठ चेंडू एकाच जागी, या बोटाच्या मुळाशी."

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"सांगितलं असतं, तर तू हळू फेकलं असतंस."

रोजच्या माराने बोटांचं रक्तच अडलं होतं; तर्जनी कापावी लागली. दुसरं बोट वाचलं, पण त्यात जीव आला नाही. दोन्ही खुर्च्या विकून बाबांनी दुकान सोडलं. तिने खेळ सोडायचं नाव काढलं, तसे ते इतके चिडले की दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून ती मोठ्या संघाच्या निवडीला गेली. समोर मोजा घालून एक अनोळखी मुलगी बसली होती. पहिला चेंडू बरोबर मोज्यात गेला. फट्ट. दुसराही. प्रत्येक आवाजाला डावरीची नजर त्या मुलीच्या मोज्यातल्या हाताकडे जात होती. चौदा वेळा फेकल्यावर तिने चेंडू खाली ठेवला आणि सांगितलं की खांदा दुखावलाय.

घरीही तिने तेच सांगितलं. बाबांना ते पटलं. तेव्हापासून ते रोज तेल कोमट करतात, तिला खाली बसवतात आणि उजव्या हाताने तिचा धडधाकट खांदा चोळत राहतात. "आज जरा बरं वाटतंय का?" ते विचारतात. ती म्हणते, "थोडं."