मोटरकडच्या दोन तारा

माझा साडू माझ्या डोळ्यांत खुपतो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कागदाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन, पक्की नोकरी, इस्त्रीचा शर्ट. मी दापोऱ्याचा मिस्त्री, केळीवाल्यांचे पंप दुरुस्त करतो. तुकईथडला सासूबाईंकडे कोणी पाहुणा आला की त्या म्हणतात, "आमचे थोरले जवाई मिलमध्ये साहेब आहेत." मग माझ्याकडे बघून, "हे पण करतात काहीतरी मोटरचं." काहीतरी! अर्ध्या गावाच्या केळीला माझ्या हातानं पाणी चालतं, आणि म्हणे काहीतरी.

यंदा धोंड्याच्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघा जवायांना जेवायला बोलावलं. दिवस शेवयांचे. पण सासूबाईंचा उजवा खांदा धरलेला, शेवयांच्या मशीनचा दांडा फिरेना. गल्लीभराच्या शेवया त्याच करून द्यायच्या, त्यात त्यांचा जीव. "आता माझ्यानं होत नाही, मशीन देऊन टाकते," असं फोनवर म्हणाल्या आणि रडल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच मनात आलं, हाच मोका आहे. मशीनला मोटर बसवून द्यायची. एकदा तरी त्या बाईच्या तोंडून माझं कौतुक ऐकायचं.

भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणली. फवारणीच्या पंपाची बॅटरी घेतली. वेग कमी-जास्त करायला गोल बटणाचा छोटा कंट्रोलर घेतला. जेवायला जाताना एवढं सामान बघून बायको म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

ओसरीवर मशीनचा दांडा काढून मी तिथं मोटर घट्ट बसवली. साडू बाजूला खाटेवर बसून बघत होता. कंट्रोलरला चार स्क्रू, दोन बॅटरीकडचे, दोन मोटरकडचे. लाल-काळी बघून तारा जोडल्या, बटण फिरवलं. मोटर घुरघुरली. मळलेलं पीठ घातलं तर ते खाली उतरायचं सोडून वर यायला लागलं. मोटर उलटी फिरत होती.

आमच्या धंद्यात याला एकच औषध. थ्री फेजचा पंप उलटा फिरला की येणाऱ्या लाईनच्या कुठल्याही दोन तारा आपसात बदलायच्या, पंप सुलटा. हे मी झोपेतही करीन. मी पेचकस उचलला.

"भाऊ, थांबा," साडू म्हणाला. "बॅटरीकडच्या नका बदलू. मोटरकडच्या बदला."

हळू आवाजात, अगदी गोड. त्या गोडपणानंच माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "मोटर मला नका शिकवू. तुमच्या मिलमध्ये शिकवा." आणि बॅटरीकडच्याच दोन तारा बदलल्या.

फट्! कंट्रोलरमधून धूर निघाला. ओसरीभर जळका वास. पंपाला लाईन कशीही चालते, कंट्रोलरला उलटी बॅटरी सोसत नाही. बायको दारात येऊन हळूच म्हणाली, "ते जळालं की तुम्ही?"

तिच्या मागून सासूबाई पिठाच्या हातानं आल्या. "अगं बाई, काय झालं?"

मी हातानं धूर वारायला लागलो.

"माझ्या हातून झालं, मामी," साडू खाटेवरून उठत म्हणाला. "हे नको म्हणत होते, मीच तारा उलट्या लावल्या."

सासूबाई हसल्या. "तुम्ही कशाला हात लावला हो? तुम्ही साहेब लोक. मोटरचं काम आमच्या धाकट्या जवायांनीच करावं. त्यांच्यासारखा मिस्त्री नाही इकडं."

ज्या शब्दांसाठी इतकी वर्षं झुरलो ते असे मिळाले. त्यानं दिले म्हणून. "नाही मामी, चूक माझी," एवढं बोलायला काय लागत होतं? मी खाली बघून तारा गुंडाळत बसलो.

साडू त्या उन्हात मोटरसायकलवर बुऱ्हानपूरला गेला, दुसरा कंट्रोलर घेऊन आला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. शर्टाची पार इस्त्री गेली होती. या खेपेला मी मोटरकडच्या तारा बदलल्या. शेवया सरसर उतरल्या. सासूबाईंनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी बटण फिरवून बघितलं, पोरीसारख्या हसल्या, आणि जेवताना तूप पहिलं माझ्या ताटात वाढलं.

आता त्या आल्यागेल्याला मशीन दाखवतात. "धाकट्या जवायांनी बसवली. थोरल्यांनी जाळलीच होती, पण यांनी निभावून नेलं." साडू समोर असला तर तोही हसून मान हलवतो. पूर्वी मी त्याच्या नोकरीवर जळायचो, शर्टावर जळायचो. आता ते काही वाटत नाही. त्यानं माझी चूक एका दमात स्वतःच्या अंगावर घेतली, आणि माझीच असून ती मला अजून घेता येत नाही. मी जळतो ते त्यावर.