वसुबारसेच्या दुपारचा चहा

खर्डीजवळच्या एका वाडीतलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही.

कारखान्यातल्या स्फोटात वाडीतल्या काही मुली भाजल्या होत्या. न्यायालयात कंपनीशी समझोता झाला आणि भरपाई एका स्वतंत्र खात्यात जमा झाली. उपचारांखेरीज त्यातली दमडीही काढायची नाही, अशी अट होती. खातं सांभाळायला शहरातला एक वकील नेमला होता.

एका सकाळी त्यांतल्या एका मुलीची आई पोलीस ठाण्यात आली. मुलीच्या उजव्या हाताची बोटं भाजून चिकटली होती, शस्त्रक्रिया करायची होती.

“सायेब, पोरीचं पैसं आमीच नेलं, असं हास्पिटलात सांगतात. आमी एक रुपया नाय पायला. आता आवणीला, भाताची रोपं लावायला, तिचा हात लागंल का नाय?”

फिर्याद नोंदवून मी आधी खातं गोठवून घेतलं, मग वकिलाला बोलावलं. गडी भलताच गोड. पैसे रोख मिळाल्याची, आईच्या अंगठ्याची पावती त्याने टेबलावर ठेवली. अशा माणसांवर आवाज चढवून उपयोग नसतो, त्यांना बोलू द्यावं.

“रोख का दिलेत?”

“बाई बँकेत कुठे धावणार, साहेब? मी स्वतः घरी नेऊन दिले. वसुबारस होती. मिसेस गाय-वासराची पूजा करत होती, म्हणून लक्षात आहे. दुपारी बाईंच्या चुलीवरचा चहाही घेतला.”

मला हसू आवरेना. शहरातली वसुबारस ती इथली वाघबारस. त्या दिवशी अख्खी वाडी शिवेवरच्या वाघोबाला जाते, तिथेच खीर रांधून खाते. संध्याकाळपर्यंत घरांत चिटपाखरू नसतं.

वाडीत जाऊन जबाब घेतले. आई त्या दुपारी सगळ्यांसमोर वाघोबापाशी खीर ढवळत होती. हे ऐकवल्यावर वकिलाने पाणी मागितलं आणि कबुली दिली. पैसे मुरबाड रस्त्यावरच्या प्लॉटमध्ये गेले होते, अंगठा त्याच्याच शिपायाचा होता. मला त्याचा मनस्वी राग आला.

खटला चालत राहणार होता, मुलीला तेवढी सवड नव्हती. खात्यात उरलेली रक्कम थेट रुग्णालयात भरावी, असा अहवाल मी न्यायालयाला दिला. तो मान्य झाला.

पुढच्या आवणीला ती मुलगी शेतात भेटली.

“दोन बोटं नाय उघडली, सायेब. डाक्तर बोललं, लय उशीर झाला. पर रोप धरता येतं.”

अशा खात्यांचा विषय निघाला की मी एवढंच सांगतो, पैसे कुणाच्या हाती देऊ नका, थेट रुग्णालयात भरा, आणि वेळेत भरा. वकिलाचा प्लॉट जप्त झाला, रक्कमही वसूल झाली. ती दोन बोटं मात्र मला परत आणता आली नाहीत.