पाण्यातलं तांबं

अक्का कोरियाला गेली त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले होते. मुंबईची गाडी वेळेवर सुटली. तिथून चालत लॅबमध्ये आले, नेहमीसारखी दोन बीकर धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. आता एकच पुरे होतं, हे धुऊन झाल्यावर लक्षात आलं.

अक्का माझ्या नात्यातली नव्हती. ती गडहिंग्लजकडची, घरात कानडी बोलणारी. धाकटी भावंडं तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात ती माझ्या तीन वर्षं पुढं होती. आमचं दोघींचं काम एकच. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा आणि त्याला विषारी वायू कळतो का ते बघायचं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू गोबरगॅसच्या खड्ड्यात, मळीच्या टाकीत, ड्रेनेजमध्ये साचतो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि आत उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. तो वायू ओळखणारी यंत्रं बाहेरून येतात आणि ज्याला खड्ड्यात उतरावं लागतं त्याला ती परवडत नाहीत. आपण इथं काहीतरी स्वस्तातलं करू, एवढीच आमची उडी होती.

कृती ऐकायला सोपी. जस्ताचा क्षार डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचा, त्यात अमोनिया घालायचा, काचेच्या पट्ट्या बीकरमध्ये उभ्या करायच्या आणि बीकर गरम पाण्यात ठेवायचं. तासाभरात पट्टीवर दुधाच्या सायीसारखा थर धरतो. मग पट्ट्या भट्टीत भाजायच्या. भट्टी तापत आली की लाइट जायची, आणि सगळं पहिल्यापासून. अक्का अशा वेळी न चिडता डबा उघडायची. "जेवलीस का?" हा तिचा दिवसातला पहिला प्रश्न असायचा, मग साडेअकरा वाजलेले का असेनात.

अक्काच्या पट्ट्या फार चांगल्या निघाल्या होत्या. अगदी किंचित वायू सोडला तरी त्यांना जोडलेल्या मीटरवरचे आकडे झपकन बदलायचे. तिचा पेपर बाहेरच्या नावाजलेल्या नियतकालिकात आला, आणि त्याच्याच जोरावर तिला कोरियातल्या लॅबनं बोलावून घेतलं. त्या पेपरवर दुसरं नाव माझं होतं, तिसरं आमच्या गाइड सरांचं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी माझ्या पट्ट्या गप्प झाल्या. तोच क्षार, तीच भट्टी, तोच वायू, पण आकडा जागचा हलेना. आधी मला वाटलं, हात चुकला असेल. पुन्हा केलं. अमोनियाची नवी बाटली फोडली. पट्ट्या तीन-तीनदा धुतल्या. अक्काला मेसेज केला तर तिनं आधी बारीकसारीक प्रश्न विचारले, मग हळूहळू उत्तरं तोकडी होत गेली. तिथं तिला नवीन काम, नवीन माणसं. एकदा तिनं लिहिलं, "पट्ट्या नीट धुतेस ना?" त्या साध्या प्रश्नानं मला अपमान झाल्यासारखं वाटलं. दिवसभर दुसरं काय करत होते मी?

सर तेव्हा प्रभारी प्राचार्य झाले होते. ते सही करण्यापुरते भेटायचे, तेही जिन्यात. लॅबमध्ये मी आणि एक्झॉस्ट फॅन. कधी कधी दुपारी चारला लक्षात यायचं की सकाळपासून तोंडातून एक शब्द निघालेला नाही. मग मी उगाच आकडे मोठ्यानं वाचत वहीत लिहायची. चंदगडला घरी फोन केला की आई विचारायची, कुठवर आलं? माझं उत्तर ठरलेलं, होत आलंय. आठ महिने मी तेच सांगत होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले नाही. काय तोंडानं जायचं, असं झालं होतं. कॉलेज ओस पडलं होतं. फक्त आमचे लॅबमधले शिपाई मामा रोज पेठ वडगावहून एसटीनं यायचे, कारण पुढच्या महिन्यात ते रिटायर होणार होते आणि स्टोअरमधल्या सामानाची यादी करून द्यायची होती. मला एकटीला बघून ते पाट्या-बाटल्या बाजूला ठेवून माझी काचेची भांडी धुवायला बसले. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

"ह्या नव्या पाण्यानं भांडी लख्ख ऱ्हात्यात की," ते म्हणाले. "जुन्या यंत्राच्या पाण्याचं हिरवं डाग पडायचं. चिंच लावून घासायला लागायचं मला."

मी हातातली पट्टी खाली ठेवली. नवं यंत्र म्हणजे डिस्टिल्ड वॉटर करायचं काचेचं यंत्र. अक्का गेल्यानंतर ते आलं होतं, आणि त्याचा मला आनंदच झाला होता. जुन्याचं पाणी मामाच कॅनमधून आणून द्यायचे, यंत्र मी कधी नीट पाहिलंच नव्हतं; ते कसलं होतं, असं मी त्यांना विचारलं.

"तांब्याचं. आतनं कल्हई हुती, पर ती कवाच उडालती."

जुनं यंत्र जिन्याखाली भंगारात पडलं होतं, निकालात काढायच्या कागदाची वाट बघत. मामांनी आणि मी ते उचलून आणलं, धूळ झटकली, नळी जोडली. त्याच्या पाण्यात मी पट्ट्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वायू सोडला आणि आकडा झपकन बदलला, अक्काच्या वेळी बदलायचा तसा. मामा शेजारीच उभे होते. झालं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि मला रडू आलं. ते आनंदाचं आहे असं समजून ते चहा आणायला गेले.

खात्रीसाठी मी नव्या यंत्राच्या शुद्ध पाण्यात तांब्याच्या क्षाराचा कण टाकून पाहिला. पट्ट्या जाग्या झाल्या. मग जुनी फाइल काढली. अक्काच्या पट्ट्या आम्ही तपासायला दुसऱ्या शहरात पाठवल्या होत्या, त्याच्या आलेखात जस्ताच्या उंच टोकाशेजारी तांब्याचा एक बारीकसा उंचवटा होता. तो तेव्हाही आम्हाला दिसला होता. तिथल्या तपासणीच्या यंत्रात पट्टी धरणाऱ्या होल्डरचं तांबं असेल, असं अक्का म्हणाली होती, आणि मी मान डोलावली होती. असं होतंही बऱ्याचदा. पण आम्ही तपासलं नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आलेखातल्या त्या उंचवट्याला पेन्सिलीनं गोल केला. मग म्हणाले, "आधी तिला सांग. मग लिहायला बस."

रविवारी दुपारी मी तिला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"अक्का, तो झिंक ऑक्साइडचा गुण नव्हता. आपल्या पाण्यात तांबं होतं."

मी सगळं सांगत गेले, मामांच्या हिरव्या डागांपासून. शेवटी तिनं विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"सरांना."

"माझं इथलं वर्ष संपत आलंय. पुढचं सगळं त्या पेपरवर आहे."

"माहीत आहे मला."

"तरी लिहिणार तू?"

"लिहिणार. माझंही नाव आहे त्यावर."

ती ठीक आहे म्हणाली. अनोळखी माणसाशी बोलावं तशा आवाजात. जेवलीस का, हे तिनं विचारलं नाही, आणि फोन ठेवल्यावर मला आधी तेच जाणवलं.

मी लिहिलं. मुद्दाम तांबं मिसळलेल्या पट्ट्यांवरचा माझा पेपर एका साध्या नियतकालिकात आला. जुन्या पेपरमध्ये दुरुस्ती छापा, असं पत्र सरांनी पाठवलं. त्याला तिघांची संमती लागत होती. अक्काची एका शब्दात आली, सरांना. मला फक्त प्रत. दुरुस्ती छापून आली. जग काही बुडालं नाही. अक्काची त्या लॅबमधली मुदत मात्र वाढली नाही. नंतर तिच्या फोटोवरून कळलं की ती तिथंच दुसऱ्या शहरात बॅटरीच्या कामावर लागलीय. ते माझ्यामुळं की मुळातच तसं व्हायचं होतं, हे मला कधी विचारता आलं नाही. मी बरोबर केलं असं सर म्हणाले, तोंडी परीक्षेला आलेले परीक्षकही म्हणाले. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

पीएचडी झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी पट्टी एका छोट्या डबीत बसवली, सेल जोडले आणि नेसरीजवळच्या एका शेतकऱ्याच्या गोबरगॅसवर नेली. त्यांच्याकडं आठ म्हशी होत्या. खड्ड्याचं झाकण जरा सरकवलं आणि डबी दोरीनं आत सोडली. दहा मोजायच्या आत लाल दिवा लागला. मालकांनी ती वर ओढून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा सोडायला लावली. पुन्हा दिवा लागला. मी त्याचा व्हिडिओ काढला आणि तिथंच उभ्या उभ्या अक्काला पाठवला, सोबत एक अक्षरही न लिहिता.

मालकीणबाईंनी सोप्यात चटई टाकली, चहा दिला.

"एवढ्या लांबनं एकट्याच आलायसा व्हय?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हटलं. फोनवर दोन निळ्या खुणा आल्या होत्या. एसटी येईपर्यंत मी उत्तराची वाट बघितली, मग फोन पर्समध्ये टाकला.

पावसाळ्यात ती डबी अजून भरवशाची नाही. दमट हवेत तिचे आकडे हलतात, खड्ड्यात काही नसलं तरी. सध्या मी त्याच्यावर काम करतेय.