एकट्या उंदरांचे मामा

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या त्या माणसाला सगळे मामाच म्हणत. भुसा बदलायचा, बाटल्या धुवायच्या, खाणं घालायचं, यात त्यांची हयात गेली. मामी वारल्यापासून घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी कुलूप काढायचं आणि भिंतीकडे तोंड करून पीत बसायचं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी नवा प्रयोग लावला. काही उंदीर घोळक्यात ठेवले, काही एकेकटे. खटका दाबला की दारूचा घोट मिळायचा. एकटे पडलेले जास्त खटके दाबतात का, हे बघायचं होतं.

"एकट्यांना कामापुरताच हात लावायचा, मामा. लाड नाहीत."

"लाड आणि मी? मामी असती तर पोट धरून हसली असती."

पण स्वभावाला काय करणार! भुसा बदलताना एकट्या उंदराला तळहातावर घ्यायचे, कानामागे खाजवायचे आणि सुरू व्हायचे, "काय पाहुणे, झोप लागली का? आमचं काल दूध उतू गेलं."

होता होता गप्पा लांबल्या. जेवणाची सुट्टीही तिथंच जाऊ लागली.

प्रयोग संपत आला तरी एकटे उंदीर घोळक्यातल्यांइतकेच खटके दाबत होते. मॅडम चक्रावल्या. यंत्रं तपासली, काही सापडेना. एके सकाळी त्या लवकर आल्या आणि दारातच थबकल्या. मामांच्या सदऱ्याच्या खिशातून एक उंदीर डोकावत होता आणि मामा त्याला घरमालकाच्या कागाळ्या सांगत होते.

"मामा! हे रोज चालतं?"

"रोजच," मामांनी उंदीर घाईघाईनं पिंजऱ्यात सोडला.

"सगळ्यांशी?"

"एकट्यांशीच. घोळक्यातल्यांना काय कमी आहे?"

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत तुम्ही!"

मामांनी हात जोडले. "चुकलो. पगार कापा, फक्त फरशी पुसायला ठेवा. पण घरी बसवू नका, मॅडम. घरी भिंत आणि बाटली, दुसरं कुणी नाही."

मामांचे तांबारलेले डोळे मॅडमनी काही आजच पाहिले नव्हते.

"प्रयोग पुन्हा लावू," त्या शेवटी म्हणाल्या. "एकटे पिंजरे दुसरं कुणी बघेल, तुम्ही घोळका सांभाळा. आणि दुपारी डबा घेऊन आम्हा सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर यायचं."

"उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास देऊन झालाय तुमचा. आता डबा आणा."

पहिल्या दिवशी जेवताना मामांचे डोळेच भरून येत होते. आता ते अख्खं टेबल त्यांच्या भाजीला सर्रास नावं ठेवतं.

"मामा, ही भाजी आहे की पिंजऱ्यातला भुसा?"

"भुसा बरा निवडतो मी. ही भाजी तुमच्यासाठी आहे."

पिणं साफ सुटलंय असं नाही. पण उद्या टेबलावर हसं होईल या धास्तीनं संध्याकाळी भाजी निवडायला, मसाला परतायला बसावं लागतं, आणि पुष्कळदा प्यायचं राहूनच जातं. या धास्तीबद्दल मामा मॅडमचे मनातल्या मनात आभार मानतात. तोंडावर म्हणायची अजून हिंमत झालेली नाही.